मुलगा हुशार आहे आणि बेसबॉलही खेळतो: कॉलेज रिक्रूटिंगची वाट कशी चालायची

अमेरिकेतल्या मराठी घरांत बेसबॉल शिरतो तो बहुधा शेजारच्या पोरांच्या संगतीने. आधी टी-बॉल, मग लिटल लीग, मग ट्रॅव्हल टीम, आणि पुढे शनिवार-रविवार असे जातात की मराठी शाळेतल्या बाई हजेरीत त्याचं नाव घेणंच सोडून देतात. नववी-दहावीत कोणीतरी कोच म्हणतो, 'हा कॉलेजात खेळू शकेल.' त्या रात्री जेवणाच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो: 'म्हणजे स्कॉलरशिप मिळेल?'

हा लेख अशाच घरांसाठी आहे. मुलगा वर्गात पहिल्या काहीजणांत, मैदानावर चांगला, पण टीव्हीवर दिसणाऱ्या टीमांचे कोच त्याच्या मागे लागलेले नाहीत. अशा मुलाच्या बाबतीत बेसबॉलची खरी किंमत फीच्या बिलात शोधू नका, ती प्रवेशाच्या टेबलावर असते. ज्या कॉलेजात शंभर अर्जांतून चार-सहा जणांना घेतात, तिथे कोचने आपलं नाव प्रवेश कचेरीकडे नेणं ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून सगळ्या खटाटोपात एकच प्रश्न धरून चाला: या कॉलेजातल्या कोचचं प्रवेश कचेरीत किती चालतं, आणि तो ते वजन माझ्या मुलासाठी वापरणार आहे का?

पैसा कुठे आहे, कुठे नाही

कॉलेज खेळांची मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्यात तीन डिव्हिजन आहेत. बाहेर एनएआयए ही वेगळी संस्था आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं, ज्यांना सगळे 'जुको' म्हणतात.

डिव्हिजन १मध्ये बेसबॉलच्या टीमला वर्षानुवर्षं फक्त ११.७ स्कॉलरशिप होत्या आणि त्या २७ खेळाडूंपर्यंत वाटल्या जायच्या. म्हणजे 'बेसबॉलची स्कॉलरशिप' म्हणून ज्याचा गाजावाजा व्हायचा ती पुष्कळदा पाव किंवा तिसरा हिस्सा फी असायची. २०२५च्या जूनमध्ये हाऊस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएशी चाललेला खटला) तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि नियम बदलले. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता टीममध्ये जास्तीत जास्त ३४ खेळाडू ठेवता येतात, आणि त्यांतल्या कितीही जणांना पैसे देता येतात. कागदावर हे छान दिसतं. पण सगळ्यांची फी भरण्याएवढा पैसा बेसबॉलवर ओतणारी कॉलेजं मोजकीच, आणि टीम लहान झाल्यामुळे बारावीतून येणाऱ्या पोरांच्या जागा कमी झाल्या. शिवाय ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आहेच. कोचला पुढच्या वसंतात सामने जिंकायचे असतात, त्याला १८ वर्षांच्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तीन सीझन खेळून आलेला २१ वर्षांचा तयार गडी जवळचा वाटतो. यात कोचचा दोष नाही, त्याची नोकरीच तशी.

आयव्ही लीगची आठही कॉलेजं डिव्हिजन १मध्ये खेळतात, पण खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. डिव्हिजन ३मध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, मात्र तिथली काही कॉलेजं अभ्यासातल्या गुणवत्तेवर चांगले पैसे देतात. केस वेस्टर्न आणि रोचेस्टर ही त्यातली. डिव्हिजन २ आणि एनएआयएत खेळाचे थोडे पैसे असतात, त्यांत अभ्यासाचे पैसे मिसळून बऱ्यापैकी गणित जमू शकतं.

आपल्या लोकांत डिव्हिजन ३ म्हटलं की तोंड वाकडं होतं. तिसरा म्हणजे तिसऱ्या दर्जाचा, असा सरळ हिशेब. त्या डिव्हिजनमध्ये एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, विल्यम्स, ॲमहर्स्ट, टफ्ट्स, स्वार्थमोर आणि पोमोना आहेत, हे सांगितलं की तोंड परत सरळ होतं. हुशार खेळाडूसाठी खरा बाजार इथेच आहे. (या यादीत कॅलटेकचा किस्सा वेगळाच. त्यांची बेसबॉल टीम ओळीने २२८ सामने हरली होती, २०१३च्या फेब्रुवारीत एकदाची जिंकली. तिथे जायचं तर भौतिकशास्त्रासाठी जावं, बेसबॉल हा वरचा आनंद.)

वरच्या टोकालाही हुशार मुलांसाठी जागा आहेत, पण खेळ तसाच लागतो. स्टॅनफर्ड, व्हँडरबिल्ट, ड्यूक, राइस ही शिक्षणात नावाजलेली आणि बेसबॉलमध्ये दादा कॉलेजं. व्हँडरबिल्टचा कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची आहे, त्याने २०१९मध्ये ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि पुढे २०२२च्या मेजर लीग ड्राफ्टमध्ये तो तिसरा निवडला गेला. तिथे जायला पोरगा त्या जातीचा लागतो. तसा असेल तर तुम्हाला हा लेख वाचायची गरज नाही, कोच स्वतःच दार वाजवतील.

घड्याळ लावून पातळी ठरवा

बेसबॉलमध्ये भावना कमी आणि आकडे जास्त चालतात. पिचरचा वेग, चेंडू बॅटवरून सुटतानाचा वेग, साठ यार्ड धावायला लागणारा वेळ, इनफिल्डमधून पहिल्या बेसकडे केलेल्या फेकीचा वेग. कोच ईमेल उघडतो तेव्हा त्याची नजर आधी यांच्यावर जाते.

कॅचरचं उदाहरण घेऊ, कारण आमच्या घरात कॅचरच होता. त्याचा आकडा म्हणजे 'पॉप टाइम'. पिचरचा चेंडू कॅचरच्या मिटमध्ये 'थप्' वाजला की स्टॉपवॉच सुरू, आणि फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये वाजला की बंद. अंतर १२७ फूट. दोन सेकंद किंवा त्याच्या आत आलं तर कोच मान वर करतो, २.१ला विचार करतो, २.३ला पुढचा ईमेल उघडतो. गंमत म्हणजे घरच्या अंगणात बाबांच्या फोनवर नेहमी १.९ येतं. त्यामुळे आकडा तिसऱ्या माणसाने, शक्यतो शोकेसमध्ये (कोचसमोर खेळ दाखवायचा मेळावा), मोजलेला असावा. चेंडू मोजायची रॅप्सोडो किंवा ट्रॅकमनसारखी यंत्रं असलेल्या ठिकाणी आकडे काढले तर कोणी शंका घेत नाही.

ढोबळ अंदाज द्यायचा तर उजव्या हाताचा पिचर ताशी ९० मैलांच्या आसपास असेल तर डिव्हिजन १चं बोलावं. ८०च्या घरात चांगल्या नियंत्रणाने टाकत असेल तर हुशार मुलांच्या डिव्हिजन ३ कॉलेजांत त्याला गिऱ्हाईक आहे. डावखुऱ्याला दोन-चार मैल माफ असतात. साठ यार्ड सात सेकंदांत धावणारा पोरगा बहुतेक ठिकाणी चालतो, पण डिव्हिजन १च्या आउटफिल्डला त्याहून वेगवान लागतो. ही काही पास-नापासची रेषा नव्हे. उंची, वय, अंगात अजून किती भर पडायची आहे, हे सगळं कोच बघतो.

मग ज्याच्या खिशात तुमचे पैसे जात नाहीत अशा एखाद्या जाणत्या माणसाला विचारा: 'हा कुठे खेळेल?' शाळेचा कोच, विरुद्ध टीमचा कोच, कॉलेजात खेळून आलेला एखादा. महिन्याला फी घेणारा खासगी ट्रेनर सहसा 'डिव्हिजन १' म्हणतो.

अकरावी

आपल्या मनात दहावी-बारावीचा धाक इतका मुरलेला असतो की अकरावी म्हणजे जरा श्वास घ्यायचं वर्ष वाटतं. इथे नेमकं उलटं. अकरावी संपताना कोचच्या हातात जी गुणपत्रिका पडते, तीच प्रवेश कचेरीत जाते.

डिव्हिजन १च्या कोचना अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीबद्दल बोलायला बंदी आहे. त्याआधी तुमच्या ईमेलला उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. प्रश्नावली आणि कॅम्पचं माहितीपत्रक ते पाठवू शकतात, पण त्याला पसंती समजू नका. डिव्हिजन ३चे कोच मात्र कधीही लिहू-बोलू शकतात. मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल तर वाट साधारण हीच, फक्त डिव्हिजन १साठी तारीख १ सप्टेंबर आहे.

डिव्हिजन १ आणि २साठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी लागते, १६ मूळ विषयांचे कोर्स आणि डिव्हिजन १साठी किमान २.३ जीपीए. तुमच्या मुलाला हा उंबरठा आडवा येणार नाही. अडचण वेगळी असते. शाळेच्या बाहेर उन्हाळ्यात ऑनलाइन केलेला एखादा गणिताचा कोर्स त्यांच्या मंजूर यादीत नसतो. तेवढं काउन्सेलरकडून तपासून घ्या.

एसएटी किंवा एसीटी अकरावीच्या मार्चपर्यंत एकदा देऊन झालेली असावी. 'टेस्ट ऑप्शनल' असं लिहिलेलं असलं तरी कोच आकडा विचारतोच. एमआयटीने २०२२मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, डार्टमथने २०२४मध्ये, आणि बाकी आयव्हीही बहुतेक त्याच वाटेने गेली. आयव्हीत शिवाय 'ॲकॅडमिक इंडेक्स' नावाचा प्रकार आहे: खेळाडूचे मार्क आणि परीक्षेचे गुण मिळून एक आकडा निघतो, आणि भरती केलेल्या खेळाडूंची सरासरी कॉलेजच्या बाकी विद्यार्थ्यांपासून फार खाली जाऊन चालत नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. कोचला एखादा भन्नाट पिचर घ्यायचा आहे ज्याचे मार्क बेताचे आहेत. त्याची सरासरी सावरायला कोणीतरी १५५० एसएटीवाला हवा असतो. पोरगा खेळात उन्नीस-बीस असेल तर तो १५५० त्याला दारातून आत नेतो. एसएटीचे ४० गुण वाढवणं पिचिंगचे चार मैल वाढवण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, आणि आपल्या घरांत ते कसं करायचं हे कोणी शिकवायला नको.

यादी करताना रोस्टर मोजा

तीसेक कॉलेजांची यादी करा. थोडी आवाक्याबाहेरची, बरीचशी बरोबरीची, आणि काही अशी जिथे कोच खूश होईल. पण नावं टाकण्याआधी प्रत्येक टीमची वेबसाइट उघडा आणि रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, वाचा. या कामाला अर्धा तास लागतो आणि बाकी कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

समजा मुलगा कॅचर आहे. रोस्टरवर कॅचर किती आहेत ते मोजा, कोण कितव्या वर्षाला आहे ते बघा. तुमचा मुलगा पोचेल तेव्हा तिघं शिल्लक राहणार असतील आणि त्यांतला एक नुकताच आलेला आणि सगळे सामने खेळलेला असेल, तर तिथे बाकावर बसायची तयारी हवी. पाठोपाठ उंची-वजन बघा, कुठल्या राज्यांतली पोरं घेतात ते बघा, दुसऱ्या कॉलेजांतून आलेली किती ते बघा. मागच्या दोन वर्षांचे रोस्टरही काढा. पहिल्या वर्षी बारा जण घेतले आणि तिसऱ्या वर्षी त्यांतले चारच उरले असतील, तर बाकीचे कुठे गेले हा प्रश्न भेटीत विचारायचाच.

दुसरी चाळणी अभ्यासाची. इंजिनियरिंग करायचं असेल तर दुपारच्या लॅब आणि सराव यांची टक्कर होते. डिव्हिजन १मध्ये ५६ सामने असतात, डिव्हिजन ३मध्ये ४०. टीममधल्या किती मुलांचा मेजर संगणकशास्त्र किंवा इंजिनियरिंग आहे, हे बऱ्याच रोस्टरवरच लिहिलेलं असतं.

ईमेल मुलाने लिहायचा

आईने लिहायचा नाही. बाबांनी तर नाहीच. कोचना वास येतो. 'मी माझ्या कारकिर्दीच्या पुढील टप्प्याकडे आशेने पाहत आहे' असं सोळा वर्षांचं पोर लिहीत नाही.

ईमेलच्या विषयातच कामाची गोष्ट हवी: नाव, पदवीचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, जीपीए, एसएटी. पोटात चार छोटे परिच्छेद पुरतात. मी कोण, कुठल्या शाळेत आणि कुठल्या ट्रॅव्हल टीममध्ये. माझे आकडे, कोणी आणि कधी मोजले. तुमच्याच कॉलेजात का, आणि इथे एक वाक्य असं हवं जे दुसऱ्या कॉलेजला चिकटवता येणार नाही. शेवटी पुढच्या दोन महिन्यांचं सामन्यांचं वेळापत्रक, व्हिडिओची लिंक आणि दोन्ही कोचचे फोन नंबर. हेड कोचला लिहा, पण सोबत रिक्रूटिंग बघणाऱ्या असिस्टंटलाही. ईमेल बहुधा तोच वाचतो.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा. गाणं नको, स्लो मोशनची आतषबाजी नको, होम रननंतरची नाचानाच नको. बॅटिंग बाजूने आणि मागून. पिचिंग कॅचरच्या मागून आणि बाजूने. इनफिल्डर असेल तर दोन्ही बाजूंचे ग्राउंडर आणि पूर्ण फेक, चेंडू पोचेपर्यंत. कॅचर असेल तर ब्लॉक करणं, पिच झेलणं आणि दुसऱ्या बेसकडे पाच-सहा फेकी, न कापता. पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यात चांगलं ते दाखवा, कारण अकराव्या सेकंदाची खात्री नाही.

उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी काहीतरी नवीन घेऊन पुन्हा लिहायचं: नवा आकडा, नवे मार्क, नवा व्हिडिओ. 'माझा ईमेल मिळाला का' एवढंच विचारणारा ईमेल पाठवू नका.

कॅम्पांवर पैसे कुठे घालावेत

इथे घरं धुऊन निघतात. परफेक्ट गेम आणि प्रेप बेसबॉल यांचे शोकेस, ट्रॅव्हल टीमच्या दूरदूरच्या स्पर्धा, त्यांची विमानं आणि हॉटेलं, आणि कॉलेजांचे स्वतःचे कॅम्प. सगळं करायला गेलात तर चार वर्षांत एका वर्षाची कॉलेजची फी सहज जाते, आणि ती वाचवायलाच तर हा उद्योग सुरू केला होता.

कॉलेजकडून 'तुला आमच्या कॅम्पसाठी खास निमंत्रण' असा ईमेल येतो. नियमाप्रमाणे असे कॅम्प सर्वांना खुले ठेवावेच लागतात, तेव्हा निमंत्रण म्हणजे जाहिरात. कोचने मुलाच्या नावाने, त्याचा एखादा सामना किंवा व्हिडिओ बघून दोन ओळी लिहिल्या असतील तरच त्याला अर्थ. शंका असेल तर मुलाने सरळ विचारावं: 'तुम्ही माझा व्हिडिओ पाहिलात का, आणि माझ्या वर्षात तुम्हाला माझ्या पोझिशनचा खेळाडू हवा आहे का?' उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचले.

हुशार खेळाडूंसाठी मला सगळ्यात वसूल वाटतो तो एका ठिकाणी अनेक कॉलेजांचे कोच जमणारा कॅम्प. हेडफर्स्टचा ऑनर रोल कॅम्प हा त्यातला प्रसिद्ध. दोन दिवसांना हजार डॉलरच्या वर जातात, पण आयव्ही आणि अभ्यासातल्या वरच्या डिव्हिजन ३ कॉलेजांचे कोच तिथे नुसते खुर्चीत बसत नाहीत, मुलांच्या गटांना शिकवतात, त्यांच्याशी बोलतात. मात्र जायचं ते अकरावी-बारावीच्या मधल्या उन्हाळ्यात, आधी पंधरा कोचना 'मी येतोय' असं लिहून, आणि अंगात ताकद आल्यावर. दहावीत जाऊन फिके आकडे नोंदवून आलात तर तेच तुमच्या नावापुढे राहतात.

फोन आणि भेट

कोचचा फोन आला की मुलाने खोलीत जाऊन एकट्याने बोलायचं. तुम्ही दाराबाहेर कान लावून उभे राहाल, त्याला माझी हरकत नाही. पहिला फोन तसा गप्पांचाच असतो. दुसऱ्यात मुलाने विचारायला हवं:

'कोच, माझ्या वर्षात तुम्ही किती कॅचर घेणार आहात?'

'एक. कदाचित दोन.'

'तुमच्या यादीत मी कितवा आहे?'

हा प्रश्न आपल्या मुलांच्या तोंडून निघत नाही. मोठ्यांना असं तोंडावर विचारू नये असं आपणच शिकवलेलं असतं. पण इथे तो उद्धटपणा मानत नाहीत, चांगला कोच उलट खरं सांगतो: 'तू तिसरा आहेस, पहिल्या दोघांचं ऑगस्टपर्यंत कळेल.' हे उत्तर सोन्याचं, कारण आता तुम्हाला काय करायचं ते ठरवता येतं. जो कोच वर्षभर 'वुई लव्ह यू, संपर्कात राहू' म्हणतो आणि पुढचं पाऊल सांगत नाही, त्याचं उत्तर मराठी माणसाला ओळखता यायला हवं. मुलाकडची मंडळी कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणतात, ते हेच.

भेटीला गेलात तर कोचच्या कचेरीपेक्षा टीममधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलणं जास्त कामाचं. मुलाला त्यांच्यात सोडून द्या आणि तुम्ही कॅम्पसवर कॉफी प्या. सामना बघायला गेलात तर डगआउटमध्ये हरणाऱ्या पोरांशी कोच कसा बोलतो ते बघा. आणि हो, हिंडताना त्या मैदानाला विसरून स्वतःला विचारा: पहिल्याच आठवड्यात खांदा दुखावला आणि बेसबॉल बंद झाला, तरी याला इथे चार वर्षं राहावंसं वाटेल का?

प्री-रीड: खरी परीक्षा इथे

अकरावी संपली की जुलैमध्ये डिव्हिजन ३चे आणि आयव्हीचे कोच ज्यांच्यात खरोखर रस आहे त्यांची कागदपत्रं मागतात: ट्रान्सक्रिप्ट, एसएटी, शाळेची माहिती, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी. ती प्रवेश कचेरीत जातात आणि काही दिवसांत कोचला कळवलं जातं: हा आमच्या चौकटीत बसतो, काठावर आहे, किंवा नको. याला 'प्री-रीड' म्हणतात. कोचने प्री-रीडसाठी कागद मागितले नाहीत, तर त्याच्या गोड बोलण्याला फारसा अर्थ नाही.

प्री-रीड हिरवा आला म्हणजे प्रवेश झाला, असं समजून पेढे वाटू नका. अजून एक प्रश्न उरतो: कोच आपलं वजन वापरणार आहे का? प्रत्येक कोचच्या वाट्याला ठरावीक मुलं येतात ज्यांची शिफारस तो पुढे रेटू शकतो. काहींना तो 'तू ये, टीममध्ये जागा देईन' म्हणतो, पण प्रवेशात मदत करत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा मुलाने शब्द न चावता विचारायचं: 'प्रवेश कचेरीत तुमचा पूर्ण पाठिंबा मला आहे का? असा पाठिंबा दिलेल्या आणि माझ्यासारखा प्री-रीड झालेल्या मुलांपैकी मागच्या काही वर्षांत किती जणांना प्रवेश मिळाला?' बऱ्याच डिव्हिजन ३ कॉलेजांत याचं उत्तर 'जवळपास सगळ्यांना' असं येतं. एमआयटी आणि कॅलटेकमध्ये कोच पत्र लिहू शकतो, पण निकाल प्रवेश कचेरीचा, तिथे खात्री कोणीच देत नाही. आयव्हीत १ ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर' निघतात. असं पत्र हातात पडलं की प्रवेश जवळपास नक्की, फक्त बारावीत मार्क कोसळू द्यायचे नाहीत.

पाठिंब्याच्या बदल्यात कोच बहुधा अर्ली डिसिजनमध्ये अर्ज करायला सांगतो. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला, आणि निवड झाली तर जायचंच. म्हणून सही करण्याआधी पैशाचं चित्र कळलं पाहिजे. कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, आणि कोचला आर्थिक प्री-रीडही मागा, पुष्कळ कॉलेजं करून देतात. उत्पन्न बरं असलेल्या दोन-नोकऱ्यांच्या घराला गरजेवरची मदत बहुधा कमीच निघते. ते ऑगस्टमध्ये कळलेलं बरं.

तोंडी 'कमिट' झाल्याचं इंस्टाग्रामवर टाकतात ना, त्याला कायद्याचं बंधन नाही, ना मुलावर, ना कोचवर. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हा जुना करार २०२४मध्ये एनसीएएने बंद केला. आता स्कॉलरशिपच्या कॉलेजांत आर्थिक मदतीचा लेखी करार होतो, तो येईपर्यंत सगळं शब्दावर.

व्हिसावर असलेल्या घरांसाठी

हे इथल्या बाकी पालकांना कोणी सांगत नाही, कारण त्यांना लागत नाही. मुलाचा जन्म अमेरिकेतला असेल तर तुम्ही एच-१बीवर असलात तरी त्याला सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म भरता येतो. मूल एच-४वर असेल तर सरकारी मदत नाही, आणि बऱ्याच कॉलेजांच्या हिशेबात ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरतं. म्हणजे मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि बोडन ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्याही बाबतीत पैशाची गरज न बघता निर्णय घेतात. यादी करताना हे लक्षात ठेवा, आणि मूल कुठल्या व्हिसावर आहे ते कोचला प्री-रीडच्या वेळीच सांगा. ऑक्टोबरमध्ये कळलं तर तोही अडकतो. एच-४ २१व्या वर्षी संपतो, तेव्हा कॉलेजच्या मधेच एफ-१ करावा लागेल, त्याचा वकिलाशी आधीच विचार करा. आणि खेळाडूच्या नावावर मिळणारे जाहिरातीचे पैसे वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका, दुकान कितीही छोटं असलं तरी.

नाही जमलं तर, आणि जमलं तर

नोव्हेंबर उजाडला आणि कोणीच पाठिंबा दिला नाही, तर अर्ज मार्कांच्या जोरावर करा, तो जोर अजून शाबूत आहे. अर्ली डिसिजनची दुसरी फेरी जानेवारीत असते आणि कोणाची तरी निवड फिसकटते, तेव्हा डिसेंबरमध्ये यादीतल्या कोचना एक ईमेल टाकायला हरकत नाही. प्रवेश मिळाल्यावर 'वॉक-ऑन' म्हणून, म्हणजे कोचने भरती केलेलं नसतानाही, चाचणी देता येते, पण चाचणी खरोखर घेतात की नुसती नावाला, हे आधी विचारा. बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांत क्लब बेसबॉल असतो. तिथे वीकेंडला सामने, भरतीची कटकट नाही. बऱ्याच पोरांना तोच जास्त मानवतो.

आणि जमलं, तर त्याच दिवशी मुलाने बाकीच्या सगळ्या कोचना लिहायचं: मी अमुक ठिकाणी जायचं ठरवलं आहे, तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार. दोन ओळी. ज्याच्या यादीत तो दुसरा होता त्याला तिसऱ्या मुलाला फोन करायचा असतो. शिवाय हे कोच दर दोन-चार वर्षांनी कॉलेजं बदलतात, आज ज्याला नाही म्हटलं तो परवा तुमच्याच कॉलेजात असिस्टंट म्हणून यायचा. हा ईमेलही मुलानेच लिहायचा.